आईच्या सहीचा दाखला

शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आईला 'बाई' म्हणायचं, हा नियम आईनेच केला होता आणि तो मोडायची माझी काय टाप! उल्हासनगरच्या कॅम्प पाचातून अंबरनाथ पूर्वेपर्यंतचा अर्धा तास आम्ही दोघी बरोबर चालत यायचो. वाटेत ती माझी वेणी नीट करायची, रुमाल घेतलास का विचारायची, आणि फाटकाशी आलं की माझा हात सोडून झपाझप पुढे व्हायची. मग मी मागून येणारी कोणीतरी विद्यार्थिनी. एकदा मधल्या सुट्टीत माझ्या तोंडून चारचौघांत "आई गं, डबा" असं निघालं, तर तिने माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. संध्याकाळी घरी मात्र जवळ येऊन म्हणाली, "ललिते, रागावलीस का गं?" रागावले होतेच. पण त्या वयात आईवर रागावणं म्हणजे जेवणावर रागावण्यातला प्रकार, दोन तासांत भूक लागतेच.

आमचं घर म्हणजे बराकीतल्या दोन खोल्या. बाबा कोकणातले, आई साताऱ्याकडची, त्यामुळे भाकरी तांदळाची की ज्वारीची हा तंटा त्यांच्या लग्नापासून चालू होता आणि तो मिटावा असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. दुपारची पाळी नसली की स्वयंपाक तेच करायचे, कारण आईला घरी यायला सहा वाजायचे. कांद्यावर परतलेला त्यांच्या हातचा सुका जवळा अख्ख्या बराकीला कळायचा. शेजारच्या कमला चाची वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या, "भाईसाब, आज क्या बनाया? थोडा मेरे को भी चखाओ ना!" त्याची परतफेड रविवारी सकाळी सिंधी दाल-पकवानाने, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्यांनी व्हायची. त्यांच्या घरचे पापड बाहेर खाटेवर वाळत पडायचे आणि मागच्या ओळीत सकाळी आठपासून शिलाई मशिनी चालू व्हायच्या. त्या घरघरीत मी अभ्यास केला. म्हणजे पुस्तक उघडून बसले, खोटं कशाला बोलू! आता मी बेलवलीत सहाव्या मजल्यावर राहते. दुपारी इतकी सामसूम असते की झोप लागावी म्हणून मी टीव्ही चालू ठेवते. मुलगा म्हणतो, आई, वीज जाते फुकट. त्याला काय सांगू?

मी नववीत असताना आई मुख्याध्यापिका झाली. शाळेच्या फाटकावर दरवर्षी 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फलक रंगवून लागायचा. तो कसा लागायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलायचं नाही. दहावीच्या पहिल्या चाचणीत जी पोरं गडगडायची त्यांच्या आईबापांना बोलावून घ्यायचं, गोड बोलायचं, चहासुद्धा पाजायचा, आणि सांगायचं की पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या. सतरा नंबर म्हणजे शाळेतून दाखला काढायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं. पोर नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. झालं, शाळा शंभर टक्के! बाहेर पडलेली बहुतेक पोरं परीक्षेला बसायचीच नाहीत. मुलगा असला तर कपड्याच्या कारखान्यात धागे तोडायला, मुलगी असली तर बोहल्यावर. आईने पहिल्याच सभेत सांगून टाकलं, "यापुढे या शाळेतून कोणालाही असं बाहेर काढायचं नाही. आपण शिकवलेलं पोर आपल्याच नावाने परीक्षा देईल." गणिताचे देवधर सर शाळेत सगळ्यांत जुने. ते म्हणाले, "बाई, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आई म्हणाली, "सर, आडात उतरून बघितलंय का कुणी?" हे मला नंतर बाबांकडून कळलं. बाबा ते वाक्य पाहुण्यांना सांगत सुटले होते.

नुसता हुकूम काढून ती बसली नाही. आठवड्यातून एकदा ती कुठल्या तरी वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसायची, वही-पेन्सिल घेऊन, आणि खरोखर गणितं सोडवायची. तिचा विषय मराठी. त्यामुळे गणितं चुकायचीही खरोखरच. आमच्या वर्गात एकदा देवधर सर फळ्यावर भराभर लिहीत असताना मागून आवाज आला, "सर, हे वजा कुठून आलं?" सरांचे कान लाल झाले. पण पुढच्या आठवड्यापासून ते एक पायरी जास्त लिहायला लागले. जिन्याखाली तिने एक जुना फळा लावून घेतला. ज्याला जे कळलं नाही ते त्याने तिथे नाव न घालता लिहायचं आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यातलं एक कुणीतरी शिक्षकाने समजावून सांगायचं. पहिले आठ दिवस फळा कोरा. मग आईने स्वतः लिहिलं, 'मला वर्गमूळ काढता येत नाही', आणि खाली सही केली, मुख्याध्यापिका! पोरं फिदीफिदी हसली, आणि दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. छडी हळूहळू कपाटावर गेली. वर्गाबाहेर अंगठे धरून उभी राहणारी पोरं दिसेनाशी झाली. वेलदोड्याचा चहा शिक्षकांच्या खोलीत आता शांतपणे प्यायला जाईना, तिथेही कुठल्या पोराला काय येत नाही याचीच चर्चा. काही शिक्षक त्यावर वैतागलेही होते.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर हे आईचं स्तोत्र होईल. शाळेत साऱ्या पोरांना "नाही कळलं तर परत विचार" म्हणणारी हीच बाई घरी माझ्याशी तशी नव्हती. रात्रीच्या जेवणाआधी मी गणिताची वही पुढे केली की दोन मिनिटांत तिचा पारा चढायचा. "इतकं सोपं कसं कळत नाही गं तुला? लक्ष कुठे असतं?" दिवसभराचा सगळा धीर तिचा शाळेत संपलेला असायचा आणि माझ्या वाटणीला तळ खरवडून निघेल तेवढा. मी विचारणं सोडलं. जिन्याखालच्या फळ्यावर लिहायची सोय होती, पण माझं अक्षर शाळाभर ओळखीचं, आणि मुख्याध्यापिकेच्या पोरीला काही येत नाही हे चारचौघांत कशाला? शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होतीच, दिव्याखाली अंधार म्हणून. दहावीच्या पहिल्या चाचणीत मला गणितात वीसपैकी चार मिळाले. पेपर घरी दाखवला तेव्हा आईने तो नुसता घडी करून परत दिला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

त्यानंतरच्याच रविवारी संस्थेचे अध्यक्ष घरी आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बरोबर देवधर सर. मी आतल्या खोलीत पकवान हातात घेऊन बसले होते, आणि खोल्या दोनच, त्यामुळे कान टवकारायचीही गरज नव्हती. अण्णा माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आईबाप निकाल बघून पोरं घालतात आपल्याकडे. यंदा निकाल पडला, तर जूनला खुर्ची देवधर सरांना द्यावी लागेल. मग मला दोष देऊ नका." देवधर सर खाकरले. "दहावीत अकरा पोरं आहेत बाई, जी गणितात निघणार नाहीत. आणि..." इथे त्यांनी आवाज उतरवला, "त्यांत आपली ललितापण आहे." आई म्हणाली, "माझं ठरलंय अण्णा. मी कुणाचा दाखला काढायला लावणार नाही." ते दोघे गेले. कपबशा उचलल्याचा आवाज आला आणि मग आईचा, अगदी थकलेला, "जगाच्या पोरांना हाताला धरून वर आणते मी, आणि माझीच पोर मला बुडवणार बघा." बाबा म्हणाले, "अगं हळू, ती आत आहे."

हातातलं पकवान मी तसंच ताटलीत ठेवलं. रडू आलं, पण ते थोडा वेळ. मग डोक्यात सरळ गणित आलं, आणि गणितात ढ असलेल्या मला तेवढं एक गणित चटकन सुटलं! अकरातून मी गेले तर राहिली दहा. आईला कुणाला बाहेर काढायचं नव्हतं ना, मग मी आपली आपणच जाईन. तिने काढलं असं होणार नाही. सतरा नंबर भरीन, पास झाले तर झाले, नाही झाले तर शाळेवर डाग नाही, आईची खुर्ची शाबूत. पंधरा वर्षांच्या डोक्याला यात कुठे भोक दिसलं नाही. उलट मला आपला अभिमानच वाटायला लागला. आज आठवलं की त्या पोरीला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात आणि मग पोटाशी धरावंसं वाटतं.

दाखले लिहायचं काम सावंत भाऊसाहेबांचं. ते शाळेचे कारकून, जाड भिंगांचा चष्मा, कानावर पेन. मी त्यांना सांगितलं, "बाईंनी माझा दाखला काढायला सांगितलाय, सतरा नंबरसाठी. कोणाला बोलू नका म्हणाल्या." भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दरवर्षी याच दिवसांत दाखले लिहायची त्यांच्या हाताला सवय. त्यांना वाटलं, बाईंना उघडपणे करता येत नाही म्हणून पोरीला पाठवलं. "कळलं हो मला," ते मान हलवत म्हणाले, "बाईंची पण अडचणच आहे." इतक्या सहज काम होईल असं मला वाटलं नव्हतं. कोणीतरी एक प्रश्न तरी विचारेल असं वाटलं होतं.

सह्यांची फाईल आईकडे मधल्या सुट्टीत जायची. डबा उघडून समोर ठेवायचा, आधी सह्या उरकायच्या, मग जेवायचं, ही तिची पद्धत. मी दारात उभी राहिले. भाऊसाहेब एकेक कागद उलटत होते आणि ती सही करत होती, तोंडाने कुठल्या तरी शिक्षकाच्या रजेबद्दल बोलत. माझा कागद आला. हिरवट रंगाचा, मला लांबूनच ओळखू आला. वाच ना गं, मी मनात म्हणत होते. एकदा नाव तरी वाच. मला खरंच जायचं होतं का? नव्हतं जायचं. तिने ते नाव वाचावं, पेन टाकावं, आणि ओरडत का होईना माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं. तिने मान वर केली. मला वाटलं, आता. "काय गं, काय हवंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, बाई." "मग वर्गात जा." आणि सही केली.

दाखला मी इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. फॉर्मवर बाबांची सही लागणार होती, म्हणून त्यांची रात्रपाळी संपायची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी देवधर सर हजेरी घेत होते. नंबरांनी हाका मारायचे ते. "पंचवीस... सव्वीस... अठ्ठावीस." मग थांबले. पुन्हा मागे गेले. "सत्तावीस?" मी उभी राहिले. "हजर सर." ते कॅटलॉगकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. "हजर कशी तू? तुझ्या नावावर लाल रेघ आहे. दाखला दिला असं लिहिलंय." मला वाटलं होतं, या माणसाला आनंद होईल, त्यांची अकरातली एक कमी झाली. त्यांनी कॅटलॉग मिटला, माझ्या दंडाला धरलं आणि सरळ आईच्या खोलीत घेऊन गेले.

आईने दाखला माझ्या हातून घेतला आणि मोठ्याने वाचला. माझं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण, पालकांच्या विनंतीवरून. "पालक कोण?" तिने विचारलं. मागोमाग धावत आलेले भाऊसाहेब चाचरले. "बाई, ही म्हणाली तुम्हीच..." "आणि खाली सही माझीच आहे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "का केलंस?" मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळे तुमचा निकाल पडला असता." ती खाली बसली. खुर्ची मागे होती म्हणून बरं. मला वाटलं आता ती रडेल किंवा मला मारेल. तिने तसलं काही केलं नाही. भाऊसाहेबांना म्हणाली, "दाखल्यांचं पुस्तक आणा." त्यात फाडलेल्या दाखल्यांमागे राहिलेली अर्धुकं असतात. माझ्या आधीची दोन अर्धुकं तिने उलटली. मंदा म्हात्रे आणि काशिनाथ म्हात्रे, बेलवलीची चुलत भावंडं, दोघंही दहावीची, दोघंही त्या अकरांतली. आठ दिवस आली नव्हती, पण कॅटलॉगात त्यांच्या नावांवर रेघ ओढायची राहून गेली होती, त्यामुळे आजारी असतील असं सगळे धरून चालले होते. "यांचे आईवडील स्वतः अर्ज घेऊन आले होते बाई," भाऊसाहेब हळूच म्हणाले. दोन्ही अर्धुकांवर आईची सही होती. एकाही नावावर तिची नजर ठरली नव्हती.

त्याच दुपारी आम्ही गाडीने बेलवलीला गेलो. आई, देवधर सर आणि मी. सर का आले हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. म्हात्र्यांचं घर शेताच्या कडेला होतं. मंदाची आई ओटीवर शेंगा सोलत बसली होती, ती धडपडत उठली. "अगो बाय, तुमी कशाला आयल्याव एवऱ्या लांब? बसा, बसा." आईने विचारलं, दाखला का काढलात? ती आपली मोकळेपणाने म्हणाली, "पोरीच बोलली. बाई लय चांगली हाय, तिचा निकाल आमच्यामुलं कशाला खराब करायचा? काश्यापन तसाच बोलला. मंग काढला. चुकला कं आमचा काय?" मंदा दाराआड उभी होती, पदराने हात पुसत, आणि तिच्यामागे काशिनाथ. शाळेच्या गणवेशातली मंदा आणि ही साडीतली मंदा, आठ दिवसांत केवढी मोठी दिसायला लागली होती! तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काही फार थोर, जगावेगळं केलं नव्हतं. आम्हा तिघांनाही आई आवडत होती आणि तिघांनीही तिच्यासाठी स्वतःला केरासारखं काढून टाकलं होतं.

आई ओटीच्या पायरीवर बसली. "मंदा, इकडे ये. तुझी काही चूक नाही आणि तुझ्या आईचीही नाही. चूक माझी आहे. मी तुझं नाव न वाचता सही केली. मी सगळ्यांना सांगत होते की कोणाला बाहेर काढणार नाही, पण तुम्ही मला हवे आहात हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही." देवधर सर अंगणात वेलाखाली उभे होते. ते खाकरून म्हणाले, "काशिनाथ, उद्यापासून सकाळी सात वाजता. माझ्या घरी. तू, मंदा आणि ही ललिता. वही कोरी आणा, पहिल्यापासून सुरू करू." मंदाच्या आईने वेलावरच्या काकड्या तोडून आमच्या पिशवीत कोंबल्या आणि नको म्हणू दिलं नाही.

परत येताना स्टेशनपर्यंत सर पुढे चालत राहिले, मुद्दामच. आईने विचारलं, "माझी पोर मला बुडवणार असं मी म्हणाले, ते ऐकलंस तू?" मी मान हलवली. ती रस्त्यातच थांबली आणि मला घट्ट धरून रडली. जाणारे-येणारे बघत होते. "मला वाचवायला निघालीस होय गं?" ती म्हणत होती, "अगं, तूच गेलीस तर मी कुणासाठी वाचायचं?" दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तिने साऱ्या शाळेपुढे सांगितलं की आपण तीन दाखल्यांवर न वाचता सह्या केल्या, ते तीन विद्यार्थी परत आले आहेत, त्यांचे दाखले रद्द. नाव आमचं घेतलं नाही. रात्री ती माझ्याशेजारी बसायला लागली. पारा चढायचाच तिचा, स्वभावाला औषध नसतं, पण चढला की उठून पाणी पिऊन यायची आणि परत बसायची.

एखादा कादंबरीकार असता तर त्याने मला पास केलं असतं. मी गणितात अठ्ठावीसवर गेले. काशिनाथही गेला, आणि अकरांतलं आणखी एक पोर. मंदा निघाली, बावन्न मार्क, तिच्या घरात ती पहिली. मी ऑक्टोबरला सुटले आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर नंबर जोडत बसले, नशिबाचा विनोद. निकालाच्या दुपारी अण्णा शाळेत आले तेव्हा मी मार्कशीट हातात घेऊन व्हरांड्यातच होते. ते आईच्या दाराशी पोचायच्या आत देवधर सर आडवे आले. "अण्णा, तिघंही गणितात गेलेत, आणि गणित मी शिकवतो. जाब मला विचारा. आणि ती खुर्ची मला देऊ नका, मी बसणार नाही तिच्यावर." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, आत आईकडे पाहिलं, आणि खुर्चीचं नाव न काढता चहा मागवायला सांगितला.

संध्याकाळी बाबा पाळीवरून आले ते दारातूनच विचारत. फाटकावर त्या वर्षी फलक लागला नव्हता, आणि वाटेत कुणाला विचारायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. "किती लागला गं निकाल?"

आई माझ्यासमोर बसून शेंगा निवडत होती. तिने हातातली शेंग मोडली.

"सगळी परीक्षेला बसली," ती म्हणाली.